मागचं दार

सिल्व्हर सिटीत फुटपाथ गुडघाभर उंच.
मृण्मयी म्हणाली, जपून हं काका, इथे पडतात माणसं,
आणि गेली हॉस्पिटलात, बारा तासांच्या पाळीला.
उरलो मी, टोपी, पाण्याची बाटली
आणि मंगळवारची रिकामी बुलार्ड स्ट्रीट.

चौतीस वर्षं एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवली पोरं.
असा माणूस गॅलरीत शिरला की
आधी उजेड कुठून येतो ते बघतो,
मग सावली तिकडेच पडलीय ना ते.
पहिल्या गॅलरीत लाल डोंगर, जांभळी संध्याकाळ.
डोंगर बरा होता. सावल्या मात्र दोन सूर्यांच्या.
मनातल्या मनात दहापैकी पाच दिले.
मग किमतीची चिठ्ठी दिसली, पंचाऐंशीने गुणली,
सहा केले.

दुसरीत कुणीच नव्हतं,
एक म्हातारं कुत्रं सोडून.
त्याने शेपटी एकदा जमिनीवर आपटली,
म्हणजे या, बघा, हात लावू नका.

तिसरीत तांब्याच्या तारेचे पक्षी.
मालकीण डेल्फिना आर्चुलेटा.
वडील खाणीत होते, म्हणाली, आजोबाही.
मला जायचं नव्हतं, म्हणून हे करते.
आणि पुन्हा पावतीपुस्तकात डोकं घातलं.
पक्ष्यांना डोळे नव्हते. विचारायचं राहिलं.

मी विचारलं ते भलतंच:
हातातल्या नकाशात मेन स्ट्रीट का नाही?

तिने मला मागच्या दाराशी नेलं, कडी काढली.
खाली खड्डा.
पाच-सहा पुरुष खोल, काठाला कॉटनवुडची झाडं,
तळाशी ओढा, पाऊल बुडेल न बुडेल एवढा.
ही मेन स्ट्रीट, ती म्हणाली.
सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट.
डोंगरावरची झाडं चुलीत आणि भट्टीत गेली,
गवत गुरांनी खाल्लं, उघडी माती राहिली.
मग पाणी आलं ते सरळ गावात,
आणि रस्ता घेऊन गेलं.
आमच्या घरात सांगतात, एक पियानोही गेला,
वाजत वाजत. खरं-खोटं देव जाणे.

मग लोकांनी काय केलं?
काय करणार? मागचं दार पुढचं केलं.

म्हणजे सकाळपासून मी हिंडत होतो
ते या गावाच्या परसदारातून,
आणि दर्शनी भाग म्हणून वाखाणत होतो.

दुपारी चढावरच्या जुन्या गल्लीत गेलो.
एका घराची भिंत उघडी पडलेली, कच्च्या विटा दिसत होत्या.
दोन बायका तिला चिखल लावत होत्या, भुसा कालवलेला.
वास आला आणि पाय थांबले.
तो वास मला इस्लामपुरापासून पाठ.
शेण नाही का? मी हातवारे करून विचारलं.
थोरली एवढी हसली की बादली कलंडली.
मग तिने माझी बाही स्वतः दुमडली,
मुठीत चिखलाचा गोळा ठेवला.

मी लावला. मनगटातून, अर्धवर्तुळात,
फळ्यावर वर्तुळ काढायचो तसा.
चांगला लावला असं मला वाटलं.
ती आली, मान तिरकी करून पाहिलं,
आणि एका हाताने, न बोलता,
माझं सगळं पुसून पुन्हा लावलं.

किती वर्षांत कुणी माझं काही खोडलं नव्हतं.
मी तिथेच उभा, हात ओला,
पाठीवर ऊन, कानशिलं तापलेली,
आणि तिची फिरणारी बोटं बघत राहिलो
समोरच्या बाकावरच्या पोरासारखा.

संध्याकाळी मृण्मयीचा फोन: जेवलात का?
काय पाहिलंत?
एक भिंत, मी म्हटलं. आणि एक रस्ता,
तो तिथे नव्हता.
काका, ऊन लागलं का तुम्हाला?

आता बेसिनपाशी उभा आहे.
नखांत चिखल, तळहाताच्या रेषांत वाळून भेगाळलेला,
भुशाची एक काडी करंगळीला चिकटलेली.
नळावर हात ठेवलाय
आणि सोडवत नाहीये पाणी.