एक जानेवारी ऐंशी

दारव्ह्याच्या बसस्टँडमागे, खताच्या दुकानाला लागून
माझं दुकान. प्रिंटर, इन्व्हर्टर, मोबाईलची काच.
बोर्डावरच्या 'संगणक'वरचा अनुस्वार
मागच्या वादळात उडाला. कोणी विचारलं नाही.

सातला लाईन जाते, गिऱ्हाईक जातं,
आणि हे येतात.

भोयर सर, गणिताचे, रिटायर,
खिशाला पेनाच्या जागी पेनड्राइव्ह.
रज्जाकभाई बॅटरीवाले, बोटांवर अ‍ॅसिडचे डाग.
शीलरत्न मेश्राम, पुण्याहून परतलेला, घरून कोड लिहितो,
रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढतो.
वंदना ताजणे सगळ्यांत शेवटी, सेतू केंद्राला कुलूप लावून,
चाव्या हातात तशाच.

"तवा कॉम्प्युटर आपली वाट पाहे," सर म्हणतात.
"काळा पडदा, एक पांढरी रेघ लुकलुक करे,
सांग बाबा, काय करू?
आता आपणच फिरतं चक्र पाहून रायलो."
"अन् अंगठा," वंदना म्हणते. "आज सतरा बाया वापस गेल्या.
कापूस वेचून वेचून बोटाच्या रेषाच गेल्या त्याईच्या.
मशीन म्हणते, तुमी तुमी नाही."

शीलरत्नचं एकच: सर्व्हर ज्याचा त्याचं राज्य.
कोड उघडा ठेवा. नाही पटलं
तर ज्याला त्याला प्रत काढून वेगळं होता आलं पाहिजे. फोर्क.
"म्हंजे वेगळा विदर्भ," रज्जाकभाई.
"तसंच समजा."
"वीज तं आपल्याच इकडं बनते ना बे?
मंग लाईन काऊन जाते?"
यावर अर्धा तास. चहा दोनदा.
सर अखंड महाराष्ट्राचे, टेबलावर हात आपटतात,
इन्व्हर्टर कुंई करतो.

कोपऱ्यात तो. अठ्ठ्याण्णव सालचा, पिवळा पडलेला,
मॉनिटर म्हणजे अर्धं पोतं सरकी.
आतला नाण्याएवढा सेल केव्हाच मेला,
म्हणून चालू केला की दर वेळी सांगतो तारीख
एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी.
"लेकाचा सुखी हाय," सर हसतात.
त्या साली सरांनी नवी सायकल घेतली होती.
रज्जाकभाईंच्या अब्बांचं रेडिओचं दुकान जोरात होतं.

शीलरत्न पडद्याकडे पाहत म्हणाला, हळूच,
"त्या साली माह्या बापाचा कप
हॉटेलाबाहेर खिळ्याले टांगलेला होता, सर.
पिऊन त्यानंच धुवायचा."

चहाचे पाच ग्लास, सगळे सारखेच,
मी उचलले, उगाच.

मग वंदनानं पर्समधून फ्लॉपी काढली.
"ग्रामपंचायतीच्या कपाटात सापडली.
नव्व्याण्णवची यादी, नाल्याकाठच्या वस्तीच्या पट्ट्याची.
माह्या मशीनवर नुस्ते डब्बे अन् उलटे स्वल्पविराम येते."
जुना फॉन्ट. तो फक्त त्या पिवळ्याकडे.

रज्जाकभाईंनी कापसाला स्पिरिट लावून हेड पुसलं,
कापूस सरांच्या शेतातला.
ड्राइव्ह करकरला, थांबला, करकरला,
आणि अक्षरं आली. काना-मात्रेसकट, खरी.
आत्राम. इंगोले. उईके. कुमरे. गेडाम.
सर मोठ्यानं वाचत गेले, हजेरी घेतल्यासारखे,
चष्मा कपाळावर विसरून.
पवार. भगत. मडावी.
पडदा तिथंच अडकला.
पुन्हा लावली. मडावी.
पुन्हा. मडावी.

शीलरत्न हसला. "माहा बाप कायम पुढच्या सेक्टरात."
"थंड झाली की वाचते कधी कधी," मी म्हणालो.
"तहसीलमंधी कागद असन," वंदना म्हणाली.
"वाळवी असन."
"तरी."
सरांनी चष्मा खाली ओढला, काही बोलले नाहीत,
जाताना शीलरत्नची गाडी ढकलून सुरू करून दिली.

लाईन आली तेव्हा कोणी नव्हतं.
मागचा पत्रा उघडला. ड्रॉवरमध्ये सेल होता,
तीस रुपयांचा, किती दिवस पडलेला. बसवला.
तारीख टाका, तो म्हणाला.
आजची टाकली.
फ्लॉपी पुन्हा आत सरकवली.

मडावी.
करकर.