दुसरी ट्यूब

रात्री साडेदहाला पहिली ट्यूब खाली आली,
जांभळ्या टोपणाची, अजून कोमट.
नागेश चिलवेरी, वय बारा,
पोटात दुखणे, सकाळपासून.
शेजारी 'अर्जंट',
जे सगळ्याच ट्यूबांवर असतं.

सोलापूरचा एप्रिल.
भिंती अजून दुपारचं ऊन ओकत होत्या.
मशीनने थेंब ओढला, घरघरलं,
आणि कागदावर टाकलं: नऊ हजार सहाशे.
म्हणजे नॉर्मल.
म्हणजे काही नाही,
किंवा अजून कळवलेलं नाही.

आई खिडकीशी आली.
बोटांच्या टोकांना तंबाखूचा तपकिरी रंग,
साबणाने न जाणारा.
"नऊ हजार काय?"
पांढऱ्या पेशी.
ती क्षणभर थांबली. मला दिसला तिचा हिशोब:
दिवसाला हजार विड्या, म्हणजे साडेनऊ दिवस.
"लई हायत का?"
नाहीत.
"मग बरं की ओ."

मी मान हलवली नाही.
आकडा देणं माझं काम, अर्थ वरच्या मजल्यावर.
पण एकोणीस वर्षं या स्टुलावर बसून
एवढं कळलंय की रक्त उशिरा बोलतं.
पोट आधी ओरडतं,
रक्त मागून येऊन साक्ष देतं,
कधी देतही नाही.

बिराजदार मॅडमनी केसपेपरवर लिहिलं:
तोंडाने काही नको. सहा तासांनी परत.

मागच्या गल्लीत यंत्रमाग चालूच होता,
खटक खटक, कुणाची तरी चादर पुढे सरकत होती.
मी डबा उघडला, शेंगाचटणीचा वास आला,
आणि वरच्या उपाशी पोराची आठवण होऊन
झाकण परत लावलं.

चार चाळीसला दुसरी ट्यूब.
वॉर्डबॉय म्हणाला, पोरगं सांगलालंय,
बेंबीपाशी होतं ते आता खाली उजवीकडं आलंय,
नाडीच्या गाठीजवळ.

सोळा हजार चारशे.
सीआरपी अठ्ठेचाळीस.
माझा मशीनवर पुरता विश्वास नाही, म्हणून काच ओढली,
रंग चढवला, धुतली, डोळा लावला.
बोटाखाली काउंटर, टिक, टिक.
शंभरात चौऱ्याऐंशी न्यूट्रोफिल,
त्यात काही कोवळ्या,
केंद्रकाचे तुकडेही न पडलेल्या,
घोड्याच्या नालासारख्या वाकलेल्या,
घाईने मज्जेतून बाहेर काढलेल्या.
आमच्यात याला डावीकडे सरकणं म्हणतात.
दुखणं उजवीकडे गेलं, पेशी डावीकडे.

आणि मला बरं वाटलं.
लपवत नाही, बरं वाटलं,
कोडं सुटावं तसं.
मग खिडकीत ती दिसली
आणि मी कागद उगाचच सरळ केला.

पण आकड्याला पत्ता नसतो.
कुठंतरी पेटलंय एवढंच तो सांगतो,
घशात, छातीत, लघवीच्या वाटेत, कुठंही.
पत्ता मॅडमच्या बोटांनी शोधला.
रिपोर्ट घेऊन मीच वर गेले होते, दारात उभी होते.
त्यांनी उजवीकडे खाली हळूहळू दाबलं.
नागेश दात चावून गप्प.
मग त्यांनी हात झटकन उचलला
आणि तो किंचाळला.
दाबताना नाही. सोडताना.

"ऑपरेशन थिएटरला कळवा," मॅडम म्हणाल्या.

जिन्यात आईने विचारलं, आता किती?
सोळा हजार चारशे.
ती माझ्याकडे बघत राहिली.
"एका रात्रीत?
एवढ्या कुणी वळल्या?"

मला उत्तर आलं नाही.
तिनेही वाट पाहिली नाही,
पदराने बोटं पुसत निघून गेली.

आठला पाळी संपली.
फ्रिजच्या रॅकमध्ये दोन ट्यूबा शेजारी शेजारी,
एकाच नावाच्या.
उजेडासमोर धरून पाहिल्या,
दोन्ही सारख्याच लाल.

वर काय झालं ते अजून कुणी कळवलेलं नाही.
अक्कलकोट रोडच्या रिक्षात बसलेय,
आणि उजव्या हाताचं बोट
मांडीवर आपोआप मोजतंय,
टिक, टिक.