सत्तर मीटर

आमच्या गावचा डोंगर कचऱ्याचा आहे.
कागदगिरणी धडधडत होती तेव्हा चाळीस वर्षं
गावानं इथं राख टाकली, फुटके टब टाकले,
मग वर माती लोटली, आणि कुणीतरी दोर बांधला.
उंची सत्तर मीटर. नकाशा काढणाऱ्यानं
त्याला नाव द्यायचे कष्ट घेतले नाहीत.

मी दोराची बाई. एकोणीस हिवाळे
या लाकडी खोक्यात बसून
हिरवं बटण, लाल बटण.
वर जायला एक मिनिट चाळीस सेकंद,
खाली यायला अकरा.

हिल्ला आली तेव्हा नऊ वर्षांची होती.
भावाचे बूट, पुढे वर्तमानपत्राचे बोळे.
दलदलीत पिकणाऱ्या केशरी फळाचं नाव ठेवलंय तिला,
तिची आई आख्खा ऑगस्ट तीच फळं वेचते.
डावा हातमोजा दातांनी ओढून काढायची,
बकल आवळायची, हातमोजा तिथंच विसरायची
आणि दोर धरायची उघड्या हातानं.
उणे अठरा. मी काचेवर बुक्क्या मारायचे.

पहिल्या हिवाळ्यात ती नुसती पडली.
दुसऱ्यातही पडली, पण निराळ्या पद्धतीनं.
गिरणीला कुलूप लागलं त्या साली
तिच्या मामानं, तैस्तोनं, जिन्याचा कठडा कापून आणला
आणि उतारावर दोन खांबांना जोडून दिला.
ज्या लोखंडाला धरून तो तीस वर्षं रात्रपाळीला चढला
त्याच्यावरून भाची फळी आडवी घालून घसरायची,
आणि तो खाली उभा, हात खिशात,
तिच्याकडे न बघता लोखंडाकडे बघत.

आठला दिवे घालवायचा नियम.
मी एक ठेवायचे. वहीत लिहायचे: दुरुस्ती चालू.
एका रात्री मोजलं तर एकशे बारा फेऱ्या.
सत्तर गुणिले एकशे बारा,
सात हजार आठशे चाळीस मीटर.
अख्ख्या फिनलंडमध्ये एवढं उंच काही नाही.

पंधराव्या वर्षी गळपट्टीचं हाड मोडलं.
सहा आठवडे हात झोळीत घालून
माझ्या खोक्यात बसली, हिरवं बटण दाबत.
पोरं उड्या मारायची, तिचे ओठ हलायचे.
मला वाटलं प्रार्थना. ती गिरक्या मोजत होती,
दुसऱ्यांच्या, अर्ध्याच राहिलेल्या,
आणि मनातल्या मनात पुऱ्या करत होती.

मग ऑस्ट्रियातल्या कंपनीचं पत्र.
फळ्या फुकट, तिकीट फुकट,
आणि महिन्याला मला मिळतात त्याहून कमी पैसे.
कराचा कागद घेऊन ती इथंच आली,
घरी आई रडत होती म्हणून, की हसत होती म्हणून,
ते मी विचारलं नाही.
बॉलपेन गोठलेलं. त्यावर फुंकर घालत म्हणाली,
'इर्या, व्यवसायाच्या रकान्यात काय लिहू?'
'विद्यार्थी' लिहून खोडलेलं दिसत होतं.
मी म्हटलं, रोज काय करतेस ते लिही.
आमच्या भाषेत त्याला लांबलचक शब्द आहे,
शेवटची दोन अक्षरं चौकटीबाहेर गेली.
तशीच राहू दिली.

जानेवारीत तिकडून निरोप आला:
'इथं वर जायला अकरा मिनिटं लागतात.
पाळण्यात नुसतं बसून राहायचं.
एवढा वेळ लोक काय करतात?'
मी बराच विचार केला.
लिहिलं, हातमोजे घाल.

आता एप्रिल. बर्फ उतरलाय,
डोंगरातून टबाचा कान वर आलाय,
एक बाहुली, फ्रीजचं दार.
दोर आवळायला वर गेले तर कठड्यापाशी
चिखलात एक हातमोजा, मागच्या कुठल्यातरी सालचा.
धुऊन खोक्यातल्या खिळ्याला लावला.
तिथं आधीचे सहा आहेत.
सगळे डावे.