फटाकडी

उम्म अल कुवैनच्या मागे, टँकर रिकामे होतात तिथे
चौथ्या तळ्याच्या काठाला बोरू माजलाय.
छावण्यांमधलं अंघोळीचं, भांड्यांचं, वजूचं पाणी
गाळून-निवळून तिथवर येतं
आणि मी त्यातला क्लोरीन मोजतो.

पहाटे साडेपाचला बोरू हलला. वारा नव्हता.
चिमणीएवढी. पाठीवर पांढरे शिंतोडे,
घाईत चुना मारताना उडावेत तसे.
शेपटी उचलून दोन पावलं,
तिसरं टाकावं की नाही, यावर अडलेली.

आमच्या बाणकोटला हिला फटाकडी म्हणतात.
नाव एवढं वाजणारं, आणि ही
चिखलालाही कळू न देता चालते.

मी नमुन्याची बाटली खाली ठेवली.
तेवढ्यानेच गेली.

फोनवर तहसीनला म्हटलं, आज फटाकडी दिसली.
"कोण ती मेली?" म्हणाली, आणि हसली.
मग पाखरू आहे कळल्यावर
बराच वेळ काही बोलली नाही.

बोरू कापायचा हुकूम आलाय, गुरुवारी मशीन येणार.
नोंदवहीत चौथ्या तळ्यापुढे
अकरा वर्षांत पहिल्यांदा मी खोटा आकडा लिहिला.
शेऱ्यात: पाणी अजून निवळलेलं नाही,
बोरू लागेल.