नळी क्रमांक अकरा

सांवेरहून बसनं इंदूरला आलेल्या
भेरूलाल पाटीदारनं
मुळांसकट उपटून आणलाय गहू,
सराफ्यातल्या नमकीनच्या पिशवीत.
"पिवळ्या रेघा फक्त खोलगटात, मॅडम,
पाणी साचतं तिथंच."

मी मुळं झटकत नाही, धुते,
बाळाचं टाळू सांभाळून डोकं धुवावं तशी.
काळी माती सिंकमध्ये उतरतच राहते.

या मुळांत बुरशीसारखं काही झोपतं,
दहा-पंधरा वर्षं सहज.
त्याच्या पोटात विषाणू.
वरून नांगर जातो, मालक बदलतात,
बांधावरची भांडणं कोर्टात जाऊन मिटतात,
हा आपला तसाच.

आणि इथं, बर्फावर,
कवच फोडून उघडा केला
की इतका हळवा
की माझ्या उघड्या बोटानंही संपेल.
म्हणून हातमोजे. म्हणून किबेबाई
नळीवर वाकून बोलू देत नाहीत.

पस्तीस वेळा तापवलं, निववलं.
मग अंधारात, जेलमध्ये,
अकराव्या खाचेखाली
नखाच्या कडेएवढी नारिंगी रेघ.

बाहेर बाकावर भेरूलालला डुलकी लागलीय.
चपलांना तीच माती.

त्याला हाक मारण्याआधी
मी त्या चपलांखाली
जुनं वर्तमानपत्र सरकवते.