पाऊण मापाची

डंडीत, पर्थ रोडच्या उतारावर,
बंद पडलेल्या शिंप्याच्या शेजारी ते दुकान.
पाटीवर: रँकिन आणि मुलगी.
मुलगी साठीची. रँकिन भिंतीवर, चौकटीत.

तीन शनिवार मी नुसती काचेतून बघून परतले.
चौथ्या शनिवारी टे नदीवरून असा वारा सुटला
की आत शिरायला निमित्त झालं.

"लहान गिटार हवीय. शिकायला."
"किती वर्षांचा आहे?"
आणि मी, एकोणसाठची,
काउन्सिलच्या हिशेबखात्यातून मार्चमध्ये सुटलेली,
बिनदिक्कत म्हणाले, "नऊ."

त्या पोराला मी उभ्या उभ्या जन्म दिला.
नाव विचारलंच तर निषाद सांगायचं,
हेही ठरवून टाकलं.
तिनं नाव विचारलं नाही.

पाऊण मापाची काढली तिनं,
देवदाराच्या पोटाची, काकवीच्या रंगाची.
"नायलॉनच्या तारा. कोवळ्या बोटांना बऱ्या."
मांडीवर घेतली, तर हात आपसूक पुरला.
तेहतीस वर्षं या देशात
मी बाह्या दुमडूनच कोट घातलेत.

तार छेडली.
पाचव्या पडद्यावर ती किंचित झणझणली.
"अरेरे, ही खरखरते," ती ओशाळली,
"मंगळवारपर्यंत घासून देते.
नाहीतर अशीच न्या, वीस पौंड कमी."

खरखर?
अहो, आमच्याकडे याला जवारी म्हणतात.
तंबोऱ्याच्या घोडीवर सुताचा दोरा
केसभर इकडे, केसभर तिकडे,
अर्धा अर्धा तास सरकवत बसतात माणसं,
नेमकी हीच माशी
तारेत गुणगुणावी म्हणून.

हे इंग्रजीत कसं सांगायचं, सुचेना.
"राहू दे," म्हटलं. "त्याला आवडेल."

पावती फाडताना
तिची नजर माझ्या डाव्या हातावर थांबली.
दिवाळीपासून राखलेली नखं, त्यावर डाळिंबी रंग.
तिनं खण उघडला,
नेलकटर माझ्यापुढे सरकवलं.
"तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाला सांगा,
या हाताची वाढवायची नाहीत."
हसली नाही. पावतीवर शिक्का मारत राहिली.

शनिवारी नखं कापू नयेत.
आई असती तर उंबऱ्यातूनच ओरडली असती.

मी करंगळीपासून सुरुवात केली.