डावीकडचं तू बघ

माहुलच्या टाक्यांवर सदतीस वर्षं
वेल्डिंगच्या रेघा तपासून हे निवृत्त झाले
आणि सोसायटीमागच्या मोकळ्या पट्टीत
चाकांवरचं घर बांधायला बसले.
दोन बाक, एक शेगडी,
खिडक्यांना माझ्या विरलेल्या साडीचे पडदे.
सेक्रेटरी देवस्थळींनी तीन नोटिसा दिल्या,
चौथी द्यायला आले ते आत बसून चहा पिऊन गेले.

मग गाडीला घर जोडलं, आणि तिथेच अडलं.
मागचं काही दिसेना.
उजव्या आरशात आपलंच घर,
डाव्या आरशात आपलंच घर,
पांढरा पत्रा, त्यावर रिव्हेटांची रांग.
"चौतीस वर्षं संसार केला की असंच होतं," मी म्हटलं.
हे हसले नाहीत. टेप धरून रुंदी मोजत होते.
गाडीपेक्षा घर दोन्हीकडून वीतभर जास्त.

कुर्ल्याहून पट्ट्यांचे आरसे आणले.
गाडीच्या आरशाला पाठीवरून पोटाशी आवळायचे,
तान्ह्याला झबलं बांधावं तसे.
मग ते हात लांब करून
घराच्या पलीकडे बघतात म्हणे.

पहिल्या दिवशी वडाळ्याच्या ट्रक टर्मिनसपर्यंत.
आणिक डेपो यायच्या आतच उजव्याने मान टाकली,
त्यात नुसतं आभाळ आणि मोनोरेलचं पोट.
डावा थरथरत होता,
एका टँकरचे तीन टँकर करत होता.

टर्मिनसमध्ये शिवमूर्ती भेटला, सोलापूरकडचा क्लीनर.
पायरीवर बसून डबा खात होता, तसाच उठला, हात पुसत.
"काकू, पट्टा खालून फिरवायचा.
आणि मधे सायकलच्या ट्यूबचा तुकडा.
हेही गुळगुळीत, तेही गुळगुळीत,
कोण कुणाला धरून राहणार?
थोडं पुढं गेलं की थांबून परत आवळा.
नवा पट्टा सैलावतोच."
पैसे घेतले नाहीत. लाडू घेतले, दोन.

ह्यांनी मग डाव्या आरशाच्या खालच्या कोपऱ्यात
मोटरसायकलचा एक गोल आरसा चिकटवला,
माझ्या डोळ्यांच्या रेषेत फिरवून फिरवून.
"डावीकडचं तू बघ," म्हणाले.
लग्नानंतर एवढं मोठं खातं
मला पहिल्यांदाच मिळालं.

परतताना, वाशीनाक्याच्या वळणावर
घराचा कोपरा जरासा बाजूला सरला
आणि गोल आरशात एक पोरगा आला.
सायकलवर. एक हात हँडलला,
दुसऱ्या हाताने आमच्या घराची कडी धरलेली,
पेडलवर पाय निवांत,
अंगात कुठल्याशा मंडळाचा गुडघ्यापर्यंतचा टीशर्ट.

सांगणार होते.
पण सांगितलं की हे ब्रेकवर उभे राहतील,
हे मला पक्कं माहीत.
म्हटलं, "जरा हळू. कपबशा वाजतायत."
हे हळू झाले. का, कुठल्या, काही नाही.
तिसरा गिअर, मग दुसरा.
मागचा टँकर हॉर्नवर बसला.
रिफायनरीच्या भिंतीकडेने आम्ही तेवढ्याच वेगाने गेलो
जेवढ्या वेगाला पोरगा कंटाळेल.

कंटाळला. कडी सोडली.
आरशातून थेट माझ्याकडे बघितलं
(आरसा दोन्हीकडून उघडा असतो, हे माझ्या लक्षातच नव्हतं),
जीभ काढून दाखवली
आणि गल्लीत वळला.

रात्री हे आरसे सोडवून वर घेऊन आले.
मागे घर नसताना ते लावून फिरायचं नाही,
कुणाचा खांदा, कुणाच्या रिक्षाचा कान घेऊन जातील.
पट्ट्यांना रबराचा वास.
मी ते कुकरच्या जुन्या रिंगांच्या डब्यात ठेवले.

दिवा मालवताना हे म्हणाले,
"कपबशा तर आपण आज घेतल्याच नव्हत्या."
मी गप्प.
"तुझ्याकडे किती होते?"
"एक."
"माझ्याकडे दोन," हे म्हणाले.
"डबलसीट."